आधी अनुस्वार पाहा, मग अपॉस्ट्रॉफी द्या

रावेर-यावल पट्ट्यातून बाहेरच्या राज्यात जाणाऱ्या केळीबरोबरचे इंग्रजी पत्र असो, धुळ्यातील एखाद्या तरुणाचा नोकरीचा अर्ज असो किंवा नंदुरबारमधील एखाद्या वसतिगृहाची पाटी असो, त्यात इंग्रजी व्याकरणाच्या इतर चुका एक वेळ सापडणार नाहीत. पण शब्दाच्या डोक्याजवळ टांगलेले ते छोटे चिन्ह, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, बहुधा चुकलेले असते. काही ठिकाणी ती नको असताना दिलेली असते, काही ठिकाणी हवी असताना गाळलेली असते आणि पुष्कळ ठिकाणी दिलेली असूनही एका अक्षराने अलीकडे किंवा पलीकडे पडलेली असते. ओळखीच्या मंडळींची पत्रे आणि अर्ज मी बरीच वर्षे तपासून देत आलो आहे. त्यातून माझे मत असे झाले आहे की, ही चूक निष्काळजीपणाची नाही. हा नियम आपल्याला इंग्रजीच्या अंगाने शिकवला जातो आणि म्हणून तो पाठ होतो, पण पटत नाही. वास्तविक या चिन्हाची जागा ठरवण्याचे साधन आपल्या मराठीतच आहे आणि ते आपण रोज वापरतो. ते साधन म्हणजे सामान्यरूपावरील अनुस्वार.

पुढील सर्व इंग्रजी शब्द देवनागरीत दिले आहेत. इंग्रजीत शेवटी येणारे एस हे अक्षर मी उच्चार काहीही असला तरी सुटा “स” म्हणूनच लिहिले आहे, कारण येथे उच्चारापेक्षा चिन्हाची जागा दिसणे महत्त्वाचे आहे. “फार्मरस” म्हणजे नुसते अनेकवचन, “फार्मर’स” म्हणजे एसच्या आधी चिन्ह आणि “फार्मरस’” म्हणजे एसच्या नंतर चिन्ह, असे वाचावे.

अपॉस्ट्रॉफीचे मूळ काम गळालेल्या अक्षराची जागा दाखवणे हे आहे. आपल्याला ही कल्पना परकी नाही. “कः” आणि “अहम्” यांचा संधी होताना “अ” लोपतो आणि त्याच्या जागी अवग्रह येतो, म्हणून आपण “कोऽहम्” असे लिहितो. तिथे अवग्रह जे करतो तेच इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी करते. हे चिन्ह सोळाव्या शतकात फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आले आणि त्याचे नाव मूळ ग्रीक आहे. मालकी दाखवणारी अपॉस्ट्रॉफीसुद्धा मुळात लोपाचीच खूण आहे, कारण जुन्या इंग्रजीत अनेक नामांच्या षष्ठीला ई आणि एस अशी दोन अक्षरे लागत असत, पुढे त्यांतील ई गळाला आणि त्याच्या जागी चिन्ह आले. अनेकवचनी मालकीसाठी एसच्या नंतर चिन्ह देण्याची रीत त्याहून उशिरा, अठराव्या शतकात रुळली. म्हणजे आज आपल्याला जो नियम अवघड वाटतो, तो खुद्द इंग्रजांनाही हळूहळूच सापडलेला आहे.

मालकीची अपॉस्ट्रॉफी

इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वी ते मनात मराठीत म्हणावे. “शेतकऱ्याची केळी” आणि “शेतकऱ्यांची केळी” यांत फरक फक्त एका अनुस्वाराचा आहे, पण त्या अनुस्वाराने एक शेतकरी की अनेक शेतकरी हे ठरते. इंग्रजीत हेच काम चिन्हाची जागा करते. अनुस्वार नसेल तर “फार्मर’स बनानास”, अनुस्वार असेल तर “फार्मरस’ बनानास”. कानाला दोन्ही सारखेच ऐकू येतात, म्हणून ऐकून लिहिणारा हमखास फसतो. अनुस्वार पाहून लिहिणारा सहसा फसत नाही.

अहिराणी बोलणाऱ्यांना तर ही गोष्ट अधिक लवकर पटावी. अहिराणीत मालकीसाठी “ना, नी” हे प्रत्यय लागतात; “गावना” म्हणजे गावाचा आणि “लोकेसना” म्हणजे लोकांचा. “लोकेसना” या शब्दाची बांधणी नीट पाहावी. आधी अनेकवचनाचा “स” येतो आणि मगच मालकीचा “ना” येतो. इंग्रजीतही क्रम हाच आहे. आधी अनेकवचनाचा एस, मग मालकीचे चिन्ह. माझ्या घरातील एका मुलाला शाळेत तीनदा समजावूनही न उमगलेला हा नियम “लोकेसना” या एका शब्दाने कायमचा समजला, हे मी स्वतः पाहिले आहे.

यातून जी कृती निघते ती अशी. ज्याची वस्तू आहे त्याचा शब्द आधी पूर्ण लिहावा, म्हणजे मालक एक असेल तर एकवचनी आणि अनेक असतील तर अनेकवचनी. तो पूर्ण झाल्यावरच त्याच्यामागे चिन्ह द्यावे. त्यानंतर पाहावे की तो शब्द अनेकवचनाच्या एसने संपला आहे का. संपला असेल तर काम झाले; संपला नसेल तर चिन्हानंतर एस लिहावा. या कृतीचा लाभ असा की अनियमित अनेकवचनांसाठी वेगळा नियम लागत नाही. “चाइल्ड”चे अनेकवचन “चिल्ड्रेन”, ते एसने संपत नाही, म्हणून “चिल्ड्रेन’स”. “वूमन”चे अनेकवचन “विमेन”, म्हणून “विमेन’स”. मुलांच्या दवाखान्यावर किंवा महिलांच्या वसतिगृहावर एसच्या नंतर चिन्ह दिलेले दिसते ते चूक आहे, कारण “चिल्ड्रेनस” किंवा “विमेनस” असा शब्दच इंग्रजीत नाही. मुलींच्या वसतिगृहाचे मात्र “गर्लस’ हॉस्टेल” होईल, कारण तिथे “गर्लस” हे अनेकवचन आधीच एसने संपले आहे. ८ मार्चचा “विमेन’स डे” आणि ५ सप्टेंबरचा “टीचरस’ डे” यांतील चिन्हांच्या जागा वेगळ्या का आहेत, हेही यावरून कळते. मातृदिनाची गोष्ट आणखी निराळी आहे. अमेरिकेत १९१४ मध्ये ज्यांच्या प्रयत्नांनी या दिवसाला राष्ट्रीय मान्यता मिळाली, त्या ॲना जार्व्हिस यांचा आग्रह एकवचनी “मदर’स डे”चाच होता, कारण प्रत्येकाने आपल्या एका आईचा सन्मान करावा असे त्यांना अभिप्रेत होते. चिन्ह एका अक्षराने सरकले की अर्थ किती सरकतो, हे यातून दिसते.

आदराचा अनुस्वार

अनुस्वाराची ही परीक्षा एका ठिकाणी मात्र सावधपणे वापरावी लागते आणि ते ठिकाण खास मराठी आहे. आपण आदरार्थी अनेकवचन वापरतो. अर्जात “वडिलांचे नाव” असे लिहितो, पण वडील एकच असतात, म्हणून इंग्रजीत “फादर’स नेम” होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणाऱ्या साने गुरुजींचे विद्यार्थी किंवा आसोद्याच्या बहिणाबाईंची कविता असे आपण म्हणतो, तेव्हा गुरुजी एक आणि बहिणाबाईही एकच. तो अनुस्वार संख्येचा नसून आदराचा आहे. म्हणून “साने गुरुजी’स स्टुडंटस” आणि “बहिणाबाई’स पोएट्री” हेच बरोबर. “प्राचार्यांचे पत्र”, “डॉक्टरांचे प्रमाणपत्र”, “सरपंचांची सही” या सर्व ठिकाणी अनुस्वार दिसताच थांबावे आणि माणसे प्रत्यक्षात किती आहेत ते मोजावे. माणूस एक असेल तर चिन्ह एसच्या आधीच येईल. मराठी माणसाच्या इंग्रजीत “प्रिन्सिपलस’ लेटर” अशी चूक दिसते, तिच्यामागे हा आदर असावा असे मला वाटते. तो आदर इंग्रजीत दाखवायचा असेल तर नावापूर्वी योग्य उपाधी लावून दाखवावा, चिन्हाने नव्हे.

आडनावांत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. “पाटलांचे घर” याचा अर्थ एका पाटीलसाहेबांचे घर असाही होतो आणि पाटील कुटुंबाचे घर असाही होतो; मराठीत ही संदिग्धता खपून जाते, इंग्रजीत तिचा निकाल लावावाच लागतो. एका व्यक्तीचे असेल तर “मिस्टर पाटील’स हाऊस”, कुटुंबाचे असेल तर “द पाटीलस’ हाऊस”. घराच्या दारावर केवळ “पाटील मंडळी” एवढेच म्हणायचे असेल तर “द पाटीलस” पुरे, तिथे चिन्ह अजिबात नको. आडनावच एसने संपत असेल, उदाहरणार्थ दास किंवा व्यास, तर एका व्यक्तीसाठी “व्यास’स शॉप” आणि “व्यास’ शॉप” या दोन्ही रीती प्रचारात आहेत. मी पहिली पसंत करतो, कारण बोलताना आपण तो दुसरा स उच्चारतो. पण कोणतीही घेतली तरी एका पत्रात दोन्ही येऊ देऊ नयेत.

दोघांची मिळून एक वस्तू असेल तेव्हाही मराठीच वाट दाखवते. “राम आणि श्यामचे दुकान” यात प्रत्यय एकदाच येतो, म्हणून “राम अँड श्याम’स शॉप”. “रामची आणि श्यामची शेते” यात तो दोनदा येतो, म्हणून “राम’स अँड श्याम’स फील्डस”. भाऊहिश्शाच्या कागदपत्रांत हा फरक केवळ व्याकरणाचा राहत नाही.

काळ मोजणाऱ्या शब्दांनाही मालकीची अपॉस्ट्रॉफी लागते, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. रजेच्या अर्जात “दोन दिवसांची रजा” मागताना बहुतेक जण चिन्ह गाळतात. “दिवसांची” यातील षष्ठीचा प्रत्यय आणि अनुस्वार दोन्ही दिसत असताना इंग्रजीत “टू डेस’ लीव्ह” असेच लिहायला हवे. एका दिवसाची रजा असेल तर “वन डे’स लीव्ह”. “दहा वर्षांचा अनुभव” हे “टेन इयरस’ एक्सपीरियन्स” असे होते. नोकरीच्या अर्जात हे एक चिन्ह योग्य जागी पडले तर वाचणाऱ्याच्या नजरेत ते भरते, कारण शंभरात फार थोडे अर्ज तिथे बरोबर असतात.

जिथे चा-ची-चे नाही

मराठीत दोन नामे प्रत्ययाशिवाय शेजारी बसून समास होतो, तेव्हा इंग्रजीतही चिन्ह बहुधा येत नाही. “शेतकरी उत्पादक कंपनी” या नावात कुठेही चा-ची-चे नाही. तिचे अधिकृत इंग्रजी रूपही “फार्मर प्रोड्यूसर कंपनी” असेच आहे. त्यात चिन्हही नाही आणि एसही नाही. केंद्र सरकारने २०२० मध्ये १०,००० शेतकरी उत्पादक संस्था स्थापन करण्याची जी योजना आणली, तिच्या इंग्रजी नावातही “फार्मर” हा शब्द असाच मोकळा आहे. तरीसुद्धा लेटरहेडवर आणि शिक्क्यावर “फार्मर’स प्रोड्यूसर कंपनी” असे छापलेले मी अनेकदा पाहिले आहे. एका कंपनीचे असे नाव पत्रावर एक आणि नोंदणीच्या कागदावर दुसरे असे झाले होते आणि बँकेत खाते उघडताना सर्व कागद पुन्हा करावे लागले. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते “जळगाव बनाना” या नावाने. “जळगाव’स बनाना” असे नाही. भरिताच्या वांग्याचे नावही त्याच धर्तीवर आहे. नाव म्हणून लिहाल तेव्हा हा समास तसाच ठेवावा. वाक्यात मात्र जळगावचा उन्हाळा, जळगावची बाजारपेठ असे म्हणायचे असेल तर “जळगाव’स समर” म्हणण्यास हरकत नाही.

येथेच आपल्या मराठी सवयीची एक मर्यादा सांगायला हवी. मराठीत चा-ची-चे सजीव-निर्जीव सगळ्यांना सारखेच लागतात. केळीचा भाव, कपाशीचे बोंड, ट्रकचे चाक. इंग्रजीत माणसे, प्राणी, संस्था, गावे आणि काळ यांना अपॉस्ट्रॉफी शोभते, पण निर्जीव वस्तूंना ती लावताना हात आखडता घ्यावा. केळीचा भाव म्हणजे “बनाना’स प्राइस” नव्हे, तर “द प्राइस ऑफ बनानास” किंवा समास करून “बनाना प्राइसेस”. प्रत्येक चा-ची-चे पाहून चिन्ह देत गेल्यास पत्र चुकीने भरेलच असे नाही, पण ते इंग्रजीत लिहिलेले वाटणार नाही.

विशेषनामांना मात्र कोणताच नियम सांगता येत नाही, कारण नाव हे ज्याचे त्याने ठरवलेले असते. लंडनच्या भुयारी रेल्वेत पिकॅडिली मार्गावर “अर्ल’स कोर्ट” आणि “बॅरनस कोर्ट” ही स्थानके लागोपाठ येतात. पहिल्यात चिन्ह आहे, दुसऱ्यात नाही. ब्रिटनमधील वॉटरस्टोनस या पुस्तकविक्रेत्या कंपनीने २०१२ मध्ये आपल्या नावातील चिन्ह काढून टाकले. अशा नावांची नक्कल जशीच्या तशी करावी, आपण दुरुस्ती करू नये.

अनेकवचन आणि सर्वनामे

सर्वांत अधिक दिसणारी चूक म्हणजे नुसत्या अनेकवचनाला चिन्ह देणे. दुकानावर “फोटो’स”, “टोमॅटो’स”, “सारी’स” असे लिहिलेले असते. मराठी किंवा अनोळखी शब्दाला इंग्रजी एस थेट चिकटवणे लिहिणाऱ्याला अवघडल्यासारखे वाटते आणि म्हणून तो मध्ये सांधा म्हणून चिन्ह टाकतो, असे मला वाटते. ही चूक केवळ आपली नाही. इंग्लंडमध्ये तिला भाजीविक्रेत्याची अपॉस्ट्रॉफी असे नावच आहे. ती टाळण्यासाठी पाटीवरचे शब्द मराठीत म्हणून पाहावेत. “साड्या” यात मालक कोणी नाही आणि अक्षरही गळालेले नाही, म्हणून चिन्ह नाही. आद्याक्षरांच्या नावांनाही हेच लागू आहे. “एमएलएस” म्हणजे आमदार, “एमएलए’स” म्हणजे आमदाराचा. दशके लिहितानाही १९९० च्या अंकांपुढे नुसता एस पुरतो. सुट्या लहान अक्षराचे अनेकवचन, जसे “पी’स अँड क्यू’स”, हा एक मान्य अपवाद आहे, कारण तिथे चिन्ह नसेल तर वाचताना गोंधळ होतो.

सर्वनामांत मात्र प्रकार उलटा आहे. त्याचा, तिचा, आमचा, तुमचा, त्यांचा या अर्थाची “हिज”, “हरस”, “अवरस”, “युवरस”, “देअरस” ही रूपे मुळातच मालकी दाखवणारी आहेत. त्यांना चिन्ह लागत नाही. “इटस” हे रूपही याच घरातले आहे. बँकेने तिचे नियम बदलले, असे लिहायचे असेल तर “इटस रूलस”, चिन्हाशिवाय. “इट’स” म्हणजे “इट इज” किंवा “इट हॅज” यांचे आखडलेले रूप. शंका आली की त्या जागी “इट इज” घालून वाक्य मोठ्याने वाचावे. अर्थ लागला तर चिन्ह द्यावे, नाही लागला तर देऊ नये. “हूज” आणि “हू’स”, “युवर” आणि “यू’र”, “देअर” आणि “दे’र” या जोड्यांनाही हीच चाचणी चालते. ज्याला ही जोडी छळते त्याने खंतावू नये. अठराव्या शतकापर्यंत शिकलेले इंग्रजही मालकीच्या अर्थी “इट’स” असे चिन्हासह लिहीत असत. “समबडी’स”, “एव्हरीवन’स” यांसारख्या अनिश्चित सर्वनामांना मात्र चिन्ह लागते.

आखडलेल्या क्रियापदांबद्दल फार सांगण्याची गरज नाही. “डू नॉट”चे “डोन’ट” होते तेव्हा “नॉट”मधील ओ गळतो, म्हणून चिन्ह एन आणि टी यांच्यामध्ये येते. दोन शब्द जिथे जुळले तिथे ते येत नाही. “डू’नट” असे जे लिहिले जाते त्याचे कारण सांध्याची तीच कल्पना. अर्ज, व्यापारी पत्र आणि ठराव यांत ही रूपे वापरूच नयेत. तिथे पूर्ण शब्द लिहिणे अधिक शिष्टसंमत आहे.

छापण्यापूर्वी

संगणकाच्या नेहमीच्या इंग्रजी कळफलकावर हे चिन्ह एंटरच्या कळीशेजारी असते. तिथून सरळ उभे चिन्ह उमटते आणि छपाईत ते इंग्रजी नऊच्या आकाराचे वळणदार होते, दोन्ही चालतात. फक्त शब्दाच्या सुरुवातीला चिन्ह द्यायचे असेल, जसे १९९० मधील १९ गाळून नुसते ९० लिहिताना, तेव्हा संगणक आपोआप इंग्रजी सहाच्या आकाराचे उलटे अवतरणचिन्ह टाकतो, ते हाताने बदलावे. मोबाईलवरून अनेक शेतकऱ्यांना एकाच वेळी इंग्रजी संदेश पाठवणाऱ्या संस्थांनी मात्र सरळ चिन्हच वापरावे, कारण वळणदार चिन्ह साध्या संदेशाच्या अक्षरसंचात नाही आणि ते एक आले तरी एका संदेशाची मर्यादा १६० अक्षरांवरून ७० वर येते, म्हणजे एकाच्या जागी दोन-तीन संदेशांचे पैसे पडतात.

पाटी किंवा फ्लेक्स करवून घेताना मजकूर तोंडी सांगू नये, कारण हे चिन्ह ऐकू येत नाही. मोठ्या अक्षरांत लिहून, चिन्हाभोवती लाल गोल करून कागद द्यावा आणि छपाईपूर्वीचा नमुना मागवून फक्त ती एक जागा पुन्हा पाहावी. नमुना पाहताना शेजारी मराठी नाव लिहिलेले ठेवले, तर “मुलींचे” यातील अनुस्वार आणि “गर्लस’” यातील चिन्ह एका नजरेत ताडून पाहता येतात.